पाट्या-वरवंट्यासारखी झिजलेली मशीन सरळ कशी करायची, हे २०० वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका मिस्त्रीनं शोधलं

पुण्याहून लोकलनं लोणावळ्याला गेला असाल तर वडगाव सुटलं की कामशेतच्या आधी कान्हे स्टेशन लागतं. बाहेर जुना मुंबई-पुणे हायवे आणि तिथून टाकव्याकडं, पुढं आंदर मावळात जाणारा रस्ता. पावसाळ्यात एकीकडं भातखाचरं आणि दुसरीकडं कारखान्यांच्या शेड, असं इथलं चित्र.

अशाच एका छोट्या शेडमध्ये आम्ही व्हिडिओ शूट करायला गेलो होतो. विषय साधा होता. एक जुनी सीएनसी मिलिंग मशीन दुरुस्त होत होती आणि ती बघायला मिळणार होती. आम्हाला वाटलं, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटर. कोणीतरी लॅपटॉप लावणार, सॉफ्टवेअर अपडेट करणार आणि विषय संपणार.

प्रत्यक्षात तिथं साठी ओलांडलेले एक फिटर काका बसले होते. हातात लांब दांड्याचं, टोकाला धार असलेलं एक पातं. समोर मशीनचा काही क्विंटलचा लोखंडी भाग उलटा टाकलेला. काका त्याच्या पोटावर तेलात कालवलेल्या रंगाचे ठिपके बघायचे आणि त्या पात्यानं कणभर खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं. हे तीन दिवस चालू होतं म्हणे.

कॉम्प्युटरच्या मशीनची दुरुस्ती हातानं खरवडून?

तर हो. आणि ही पद्धत जगभर पोचवण्यात ज्या माणसाचा सगळ्यात मोठा हात आहे, त्याची एक खूण तुमच्या घरातल्या नळातही आहे. त्याचं नाव सर जोसेफ व्हिटवर्थ. आज त्याचीच गोष्ट.

आधी मशीनला झालं काय होतं ते समजून घेऊ.

मिलिंग मशीनमध्ये जॉब ज्या टेबलावर बांधतात ते टेबल पुढं-मागं आणि डावीकडं-उजवीकडं सरकतं. ते ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्यांना स्लाइड किंवा गाइडवे म्हणतात. जुन्या मशीनमध्ये हे रूळ म्हणजे बिडाचे चौकोनी, रुंद पट्टे. लोखंडावर लोखंड, मध्ये तेलाचा पातळ थर. कॉम्प्युटर फक्त मोटरला सांगतो की टेबल १०० मिलिमीटर सरकव. ते सरळ रेषेत सरकणार की नाही, हे मात्र स्लाइड ठरवते.

आता गंमत बघा. जॉब धरायचा व्हाइस सगळेजण टेबलाच्या मधोमध लावतात. त्यामुळे वर्षानुवर्षं टेबल मधल्याच पट्ट्यात ये-जा करतं. त्यात तेलाची नळी कधी तुंबते, कधी कूलंटमधून लोखंडाचा बारीक चुरा आत शिरतो. जुन्या वाड्याचा उंबरठा जसा मध्येच झिजतो आणि कडेला तसाच राहतो, तशी स्लाइड मध्ये झिजते.

मग गोल छिद्र अंड्यासारखं येतं. सरळ कापायचं ते तिरकं येतं. कंट्रोलरमध्ये नंबर बदलून थोडे दिवस निभावतं. स्लाइडच्या बाजूला गिब नावाची एक पाचर असते. ती घट्ट केली की टेबल मध्ये बरोबर चालतं, पण टोकाला गेलं की अडकतं, कारण टोकं झिजलेलीच नसतात. सैल केली की मध्ये खडखडतं. म्हणजे ही दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या हातातली राहिलेलीच नसते.

या शेडच्या मालकांनी खालच्या बेडच्या स्लाइड बाहेरून ग्राइंड करून आणल्या होत्या. वर बसणाऱ्या सॅडलच्या पोटाला टर्साइट नावाचं कमी घर्षणाचं अस्तर चिकटवलं होतं. आता ते अस्तर बेडला तंतोतंत बसेपर्यंत काका खरवडत होते. बाजूला दुसऱ्या एका जुन्या मशीनची बिडाची स्लाइडही त्याच पात्यासाठी थांबली होती.

आम्ही काकांना एक प्रश्न विचारला. ही वस्तू सरळ आहे की नाही हे तुम्ही दुसऱ्या सरळ वस्तूला लावून बघता. ती दुसरी वस्तू तिसरीला लावून बघितलेली असणार. मग जगातली सगळ्यात पहिली सरळ वस्तू कोणी, कशाला लावून बघितली?

काका हसले. म्हणाले की हे अप्रेंटिस असताना त्यांनीही उस्तादांना विचारलं होतं आणि उस्तादांनी फक्त एक नाव सांगितलं होतं. व्हिटवर्थ.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा. गाव स्टॉकपोर्ट, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या शेजारचं. वडील चार्ल्स शाळामास्तर होते, पुढं धर्मोपदेशक झाले. आई लवकर गेली. चौदाव्या वर्षी पोराला डर्बिशायरमध्ये मामा-काकांच्या गोतातल्या एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत धाडलं. नातेवाइकाचा हिशोब सरळ होता. पोरगं धंदा शिकेल आणि पुढं गिरणी सांभाळेल.

पोराचं लक्ष मात्र सुतापेक्षा सूत काढणाऱ्या मशीनमध्ये जास्त. प्रत्येक मशीन त्याला समजायची, पण एक गोष्ट खटकायची. या मशीन बनवल्याच किती ढिसाळ आहेत! दोन भाग एकमेकांत बसवायचे तर कारागीर छिन्नी आणि कानस घेऊन बसायचा आणि बसेपर्यंत घासायचा. एका मशीनचा भाग दुसरीला बसायचा नाही.

चार वर्षं काढली आणि अठराव्या वर्षी गडी कोणाला न सांगता गिरणीतून पळाला. थेट मँचेस्टर गाठलं आणि साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. बसलेली गादी सोडून कामगार होणं हे तेव्हाही वेडेपणाच समजलं गेलं असणार.

१८२५ मध्ये फॅनी अँकर्सशी लग्न झालं आणि नवरा-बायको लंडनला गेले. तिथं त्याला हेन्री मॉड्सलेच्या कारखान्यात काम मिळालं. त्या काळात मशीन बनवण्याच्या धंद्यात मॉड्सले म्हणजे शेवटचा शब्द. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर थेट भारतीय संघाच्या नेट्समध्ये घुसल्यासारखं.

मॉड्सलेची एक शिस्त होती. कारागिरांसाठी बाकांवर सपाट प्लेट ठेवलेल्या असायच्या. बनवलेला भाग त्या प्लेटवर टेकवून बघायचा, मगच पुढं जायचं. पण त्या प्लेट बनवायच्या कशा? तेव्हाचा सर्वसाधारण रिवाज म्हणजे दोन प्लेटमध्ये एमरी, म्हणजे पॉलिशची खरखरीत पूड टाकायची आणि एकमेकींवर घासायची.

इथं घोळ होता. पूड कुठं जास्त साचेल, कुठं कमी, यावर कोणाचा ताबा नाही. जिथं उंच आहे तिथंही घासलं जातं आणि जिथं आधीच खोल आहे तिथंही. शिवाय त्याहून मोठी अडचण वेगळीच होती.

घरातला पाटा-वरवंटा आठवा. वर्षानुवर्षं वाटण वाटून पाटा मध्ये खोलगट होतो आणि वरवंट्याचं पोट गोलसर होतं. दोघं एकमेकांना इतके छान बसतात की मध्ये मिरीचा दाणा टिकत नाही. पण म्हणून पाटा सपाट आहे का? मुळीच नाही. एक खोल आणि दुसरा फुगीर, तरी जोडी फिट्ट. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या की हेच होऊ शकतं. त्या जुळतात, पण सरळ असतातच असं नाही.

यावरचा उपाय ऐकायला इतका सोपा आहे की चीड यावी. तिसरी प्लेट आणायची.

समजा पहिली प्लेट खोलगट आहे. दुसरी तिला जुळवली, म्हणजे दुसरी फुगीर झाली. तिसरीही पहिलीलाच जुळवली, म्हणजे तीही फुगीर. आता दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन फुगीर पोटं समोरासमोर आली की मध्येच टेकणार आणि कडेला फट दिसणार. लबाडी पकडली गेली! मग त्या दोघी एकमेकींना जुळवायच्या, पुन्हा पहिलीशी ताडायच्या. असं आलटून पालटून करत गेलं की एक वेळ अशी येते की तिघींपैकी कोणतीही दोघी जुळतात. अशी अवस्था एकाच वेळी येऊ शकते, ती म्हणजे तिघीही सपाट असतात तेव्हा.

म्हणजे सरळपणा ठरवायला आधीची सरळ वस्तू लागतच नाही. तीन वाकड्या वस्तू आणि भरपूर सबुरी एवढं पुरतं. काकांना आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तीन प्लेटची युक्ती मूळची मॉड्सलेच्या कारखान्यातली असावी, असं मानणारे बरेच जण आहेत. व्हिटवर्थचं नाव ज्या गोष्टीला ठामपणे जोडलं जातं ती म्हणजे घासणं बंद करून खरवडणं सुरू करणं. प्लेटवर रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, दुसरी तिच्यावर टेकवून थोडी सरकवायची आणि उचलायची. जिथं रंग लागला ते उंचवटे. धारदार स्क्रेपरनं नेमके तेवढेच काढायचे. खोल जागेला हात लावायचा नाही. आधी मोठे, विरळ डाग दिसतात. खरवडत जाल तसे ते लहान आणि दाट होत जातात आणि शेवटी सगळीकडं सारख्या अंतरावर बारीक ठिपके उमटतात.

हे काम त्यानं नोकरी सांभाळून केलं. शेजारच्या बाकावर जॉन हॅम्पसन नावाचा यॉर्कशायरचा मुरलेला कारागीर होता. असं काही होऊ शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. प्लेट तयार झाल्यावर व्हिटवर्थनं आधी त्यालाच दाखवली आणि गड्यानं हार कबूल केली. जुन्या जाणत्याची पावती मिळणं म्हणजे काय, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

खरवडून केलेल्या अशा दोन प्लेटची गंमत अशी, की एक अलगद दुसरीवर ठेवली तर ती मधल्या हवेच्या थरावर तरंगल्यासारखी सरकते. हवा दाबून काढली तर मात्र दोघी अशा चिकटतात की वरची उचलली की खालचीही उचलून येते. आजही हे बघितलेला माणूस पहिल्यांदा जादूच समजतो.

मॉड्सलेनंतर व्हिटवर्थ हॉल्टझापफेलकडं आणि मग जोसेफ क्लेमंटकडं गेला. हा क्लेमंट म्हणजे चार्ल्स बॅबेजचं गणित करणारं यंत्र, डिफरन्स इंजिन, बनवणारा माणूस. कॉम्प्युटरचा पणजोबा म्हणतात त्या यंत्राचे भाग ज्या कारखान्यात घडत होते, तिथं व्हिटवर्थनं काम केलं. सीएनसीच्या गोष्टीत हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला. चॉर्ल्टन स्ट्रीटवर वाफेच्या इंजिनाची शक्ती मिळणारी एक खोली भाड्यानं घेतली आणि लंडनहून आलेला टूलमेकर अशी पाटी लावली. लंडन रिटर्न असल्याची जाहिरात तेव्हाही चालायची.

पुढच्या १५-२० वर्षांत त्यानं लेथ, प्लेनर, ड्रिलिंग, गिअर कापायच्या मशीन अशी रांग लावली. आधीच्या मशीनना नक्षीदार खांब आणि कमानी असायच्या, देवळासारख्या. व्हिटवर्थनं ते सगळं काढून आतून पोकळ, बंद पेटीसारखे बिडाचे सांगाडे वापरले. वजनाच्या मानानं ते जास्त ताठ असतात. कान्ह्याच्या शेडमधल्या मशीनचा उभा कॉलमही तसाच पोकळ पेटीचा आहे. मधल्या काळात, १८४२ मध्ये, मँचेस्टरचे रस्ते झाडायचं घोडागाडीचं यंत्रही त्यानं काढलं. शहर घाण होतं, त्याला ते बघवत नव्हतं.

१८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत त्यानं खरी सपाट पृष्ठं कशी बनवायची हे सगळ्यांसमोर मांडलं. इथं थोडं थांबा. धंद्यातलं गुपित होतं हे. त्याच्या मशीन इतरांपेक्षा अचूक होत्या त्या याच जोरावर. तरी त्यानं ते खुलं केलं. त्यामुळेच ते पुढच्या पिढ्यांच्या फिटरांपर्यंत पोचू शकलं.

दुसऱ्याच वर्षी, १८४१ मध्ये, त्यानं नट-बोल्टला हात घातला.

तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका गावात केलेला बोल्ट दुसऱ्या गावच्या नटात जायचा नाही. मशीनचा एक बोल्ट तुटला तर जिथं मशीन बनली तिथूनच मागवायचा. व्हिटवर्थनं इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे ठरवून दिलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एका इंचाला ८. त्यात हुशारी अशी होती की कोणा एका कारखान्याचं माप सगळ्यांवर लादलं नाही. सगळ्यांच्या मधलं घेतल्यामुळे कोणाला फारसं बदलावं लागलं नाही.

याचा फायदा क्रिमियाच्या युद्धात दिसला. ब्रिटिश नौदलाला गनबोटींसाठी घाईघाईत ९० इंजिनं हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. मग इंजिनांचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले गेले आणि ते एकत्र आणून जोडले गेले. आटे एकसारखे असल्यामुळेच हे जमलं. आज चाकणची एक गाडी शेकडो छोट्या कंपन्यांच्या भागांतून उभी राहते, त्याची ही सुरुवातीची आवृत्ती समजा.

आता तुमच्या नळाकडं या. घरातल्या अर्ध्या इंची नळाचे आटे इंचाला १४ असतात आणि त्यांचा कोन ५५ अंश असतो. पाइपाचं हे माप व्हिटवर्थच्या आट्यावरूनच आलेलं आहे. बोल्ट मेट्रिक झाले, त्यांचा कोन ६० अंश झाला, पण प्लंबिंग अजून व्हिटवर्थपाशीच थांबलं आहे. हार्डवेअरच्या दुकानात आपण चार सुताचा बोल्ट मागतो, तेही इंचाचंच घराणं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सपाट पृष्ठ हाताशी आल्यावर व्हिटवर्थनं मोजमापाकडं मोर्चा वळवला. १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्याचं एक यंत्र लोकांनी तोंडात बोटं घालून बघितलं. ते इंचाचा दहा लाखावा भाग मोजायचं.

कसं? इंचाला २० आट्यांचा एक स्क्रू. त्यावर २०० दात्यांचं चाक. ते फिरवणाऱ्या चाकावर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५०, बरोबर १० लाख. एक खूण पुढं गेली की मोजणारं टोक इंचाचा दहा लाखावा भाग सरकतं. केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हे त्याच्या २७५० व्या भागाच्या आसपास झालं. यात डोळ्यांवर भरवसा नव्हता. दोन सपाट टोकांच्या मध्ये एक पातळ तुकडा ठेवायचा आणि तो अडकतो की घसरून पडतो हे बघायचं. नजरेपेक्षा स्पर्श जास्त खरा, असं व्हिटवर्थचं मत होतं. काकासुद्धा ठिपके बघून झाले की तळहात फिरवून बघत होते.

इथून पुढची गोष्ट थोडी अवघड आहे.

१८५४ मध्ये सरकारनं त्याला रायफल बनवायच्या मशीनबद्दल विचारलं. गड्यानं सांगितलं की आधी रायफलची नळी कशी असावी हेच कोणाला नीट माहीत नाही, ते शोधू द्या. सरकारी खर्चानं मँचेस्टरला त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली गेली. वादळात ती पडली आणि पुन्हा उभारली. शेवटी त्यानं आतून षटकोनी, पीळ दिलेल्या नळीची रायफल तयार केली.

१८५७ मध्ये तिची स्पर्धा लागली ती एनफिल्ड रायफलशी. होय, तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून त्याच साली आपल्याकडं उठाव पेटला. अचूकतेत व्हिटवर्थची रायफल तिच्या कितीतरी पुढं निघाली. पण नळी बारीक, दारूची काजळी लवकर साचते, अशी कारणं देऊन लष्करानं ती नाकारली. १८६० मध्ये विंबल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियानं स्टँडवर घट्ट बसवलेली व्हिटवर्थ रायफल ४०० यार्डांवरून चालवली आणि गोळी निशाणाच्या केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ही रायफल वापरली. १८६४ मध्ये जनरल सेजविक मारला गेला तो याच रायफलच्या गोळीनं, असं मानलं जातं.

तीन प्लेट घेऊन सरळपणा शोधणाऱ्या माणसानं तोच सरळपणा माणूस लांबून टिपायलाही वापरला. पुढं तोफा आणि त्यासाठी दाबाखाली घट्ट केलेलं पोलादही बनवलं. अचूकतेला स्वतःची नीती नसते, ती वापरणाऱ्याची असते. हे त्याच्या आयुष्यातून वगळून त्याचा पुतळा उभा करण्यात अर्थ नाही.

पण पैशाचं त्यानं काय केलं तेही बघायला हवं.

१८६८ मध्ये त्यानं तरुण मेकॅनिकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. वर्षाला ३००० पौंड, प्रत्येकी १०० पौंडाच्या ३० जागा. तिच्यात फक्त पुस्तकी परीक्षा नव्हती. गणित आणि विज्ञान यायला हवं आणि हातात कानस, हातोडाही चालायला हवा. हात आणि डोकं वेगळं काढायचं नाही, हा त्याचा आग्रह. आपल्याकडं इंजिनिअर आणि आयटीआयवाला यांच्यात जी भिंत आहे, ती त्याला त्याच्या काळातही दिसत होती. ती शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

१८६९ मध्ये तो सर झाला. १८७४ मध्ये कंपनी लिमिटेड केली तेव्हा फोरमन आणि कामगारांनाही शेअर घेता येतील अशी सोय ठेवली. फॅनी १८७० मध्ये वारली, पुढच्या वर्षी मेरी लुइझा ऑरेलशी दुसरं लग्न झालं. मूलबाळ नव्हतं. शेवटची वर्षं डर्बिशायरमधल्या डार्ली डेलला, म्हणजे ज्या जिल्ह्यातल्या गिरणीतून पळाला होता तिथंच काढली. हिवाळ्यात तब्येतीसाठी माँटे कार्लोला गेला असताना २२ जानेवारी १८८७ ला तो गेला. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये शिक्षणसंस्था, दवाखाने आणि व्हिटवर्थ आर्ट गॅलरी उभी राहिली. १८९७ मध्ये कंपनी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली आणि आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ हे नाव तयार झालं.

मग हे सगळं आपल्याकडं कसं आलं? रेल्वेची वर्कशॉप, दारूगोळा कारखाने, मुंबईच्या गिरण्या, व्हीजेटीआयसारख्या संस्था, सगळीकडं इंग्रजी मशीन आणि इंग्रजी मापं आली. त्याच व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली आणि १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिच्या लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोचल्या. लेथचा बेड सरळ हवा, म्हणजे तो तपासणारा आणि खरवडणारा माणूस आलाच. पिंपरी, चिंचवड, भोसरीत उद्योग वाढले तशी या हातांची मागणी वाढली.

आता ती कमी झाली आहे. नव्या सीएनसीमध्ये बहुतेक वेळा गोळ्यांवर चालणारे तयार लिनिअर गाइड असतात. झिजले की काढायचे, नवे लावायचे. तरी ते बसवायची जागा सरळ लागतेच, आणि जगातल्या अतिशय अचूक मशीन बनवणारे कारखाने आजही शेवटचा हात माणसालाच फिरवू देतात. एक कारण असं की खरवडल्यावर उंच ठिपक्यांच्या मध्ये बारीक खळगे राहतात. त्यात तेल टिकतं. आरशासारखी गुळगुळीत स्लाइड तेल धरत नाही आणि चिकटते. म्हणजे काकांचे ते ठिपके मशीनला वंगणही पुरवतात.

छोट्या कारखानदारासाठी हा प्रश्न हौसेचा नाही. नवी मशीन म्हणजे नवं कर्ज आणि हप्ते. जुन्या मशीनचं बीड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यातले ताण निघून गेलेले असतात. सांगाडा चांगला असेल तर स्लाइड दुरुस्त करून आणि गरज पडली तर कंट्रोलर बदलून ती पुन्हा कामाला लागते. अडचण एवढीच की खरवडणारा माणूस मिळायला हवा. मालकांनी सांगितलं की काकांच्या तारखेसाठी त्यांना दोन महिने थांबावं लागलं. काकांनी सांगितलं की त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी आता हे काम करणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. शिकवायची तयारी आहे, पण नवीन पोरं दोन दिवसांत कंटाळतात. हाताला फोड येतात आणि दिवसाअखेर दाखवायला काहीच नसतं. जे काढलं ते मायक्रॉनमध्ये, डोळ्यांना दिसत नाही.

त्या दिवशी मात्र एक पोरगं होतं. टाकव्याच्या बाजूचं, आयटीआय करून आलेलं. काकांनी त्याला जुन्या मशीनच्या कोपऱ्यात वीतभर जागा नेमून दिली होती. त्याचे डाग अजून मोठे आणि विरळ येत होते. काका मध्येच उठून जायचे, त्याच्या कोपराला हात लावून पात्याचा कोन थोडा बदलायचे आणि काही न बोलता परत आपल्या जागी येऊन बसायचे.

संध्याकाळी चेन ब्लॉकनं सॅडल उचलून बेडवर टेकवलं. काकांनी ते थोडं पुढं-मागं ढकललं, पुन्हा उचललं आणि ठिपके बघितले. सारखे होते, फक्त एका कोपऱ्यात कमी. आम्हाला वाटलं झालं काम. काकांनी पातं पुसलं, धार लावायला घेतली आणि उद्या सकाळी लवकर यायला सांगितलं, आम्हाला नव्हे, त्या पोराला.